'सांगता आलं असतं की': देवबागच्या होमस्टेची एक मेल आणि फ्रेंचमधला 'असतं'

गेल्या जूनमधलं प्रकरण आहे. देवबागला माझी एक विद्यार्थिनी आहे, ती, नवरा आणि सासूबाई मिळून होमस्टे चालवतात, चारच खोल्या, समोर समुद्र नि मागे कर्ली नदी. मी कुडाळला असते, तिला आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर फ्रेंच शिकवते. गोव्याहून वर सरकत येणारे फ्रेंच पाहुणे सीझनला बऱ्यापैकी असतात म्हणून तिने हे शिकायला घेतलं, परीक्षेच्या पातळ्यांतली ए-टू पास झाली, त्यापुढची बी-वन चालू होती. खोलीचं भाडं, जेवणात काय, माशात काटे किती, हे सगळं ती फ्रेंचमधून झकास सांगते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक नवरा-बायको आले, पन्नाशी उलटलेले. त्यांना सिंधुदुर्ग किल्ला बघायचा होता, शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतला तो, त्यासाठीच ते मालवणला उतरले होते. आता कोकणातलं शेंबडं पोर पण सांगेल की मे संपता संपता किल्ल्याच्या होड्या बंद होतात, आणि 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद. पाहुण्यांना हे कोण सांगणार? बुकिंग झालं, पैसे आले, कोणी काही बोललंच नाही. दोन रात्री ते पावसाकडे बघत बसले, फ्रीजरमधली सुरमई खाल्ली, 'मेर्सी' म्हणून गेले.

चार दिवसांनी त्यांची मेल आली. त्यातली चार वाक्यं महत्त्वाची, फ्रेंच स्पेलिंगच्या नादाला न लागता उच्चार देवनागरीत देते (पुढे फ्रेंच शब्दांत ज आला तर तो आपल्या जगातला ज नाही, जरा घासून, झ च्या जवळचा).

पहिलं: नूझोरियों एमे व्वार ल फोर.
दुसरं: वूझोरिए प्यु नू प्रेवनिर.
तिसरं: दाप्रे अं व्वाझँ, ल देर्निए बातो सरे पार्ती ल 25 मे.
चौथं: सी नूझावियों स्यु, नू सरियों वन्यु आं फेव्रिए.

पोरीने वाचलं ते असं: आम्हाला किल्ला बघायला आवडेल. तुम्ही आम्हाला कळवू शकाल का. शेजारी सांगतात शेवटची बोट 25 मे ला सुटेल. आणि आम्ही फेब्रुवारीत येऊ. तिला काय आनंद झाला! पाहुणे परत येतायत! मला न दाखवता रात्रीच उत्तर ठोकलं, 'आवेक प्लेझिर!' म्हणजे आनंदाने, फेब्रुवारीत या, स्वागत आहे, बोटीचं आम्ही कळवू, अ‍ॅडव्हान्स अमुक इतका.

दुसऱ्या दिवशी एक ओळ आली. 'मादाम, नू पार्लियों द्यु म्वा द ज्वँ.' बाई, आम्ही जून महिन्याबद्दल बोलत होतो.

मग मला फोन. रडवेली झालेली. ती मेल मी वाचली आणि माझ्याच पोटात गोळा आला, कारण चूक अर्धी माझी होती. होमस्टेसाठी लागतं म्हणून मी तिला 'ज वूद्रे' (मला हवं होतं), 'जेमरे' (मला आवडेल), 'पूरिए-वू' (तुम्ही कराल का) ही सभ्यपणाची वाक्यं पोपटासारखी पाठ करून घेतली होती. त्यामुळे शेवटी 'रे', 'रियों', 'रिए' असं काही दिसलं की तिच्या डोक्यात दिवा लागायचा, हां, पाहुणा नम्रपणे काहीतरी मागतोय. भूतकाळातलं 'रे' म्हणून काही असतं हे आमचं व्हायचंच होतं. बी-वनच्या शेवटाला नाहीतर बी-टूमध्ये येतं ते, पाहुण्यांना त्याचं काय.

त्या चार वाक्यांचा खरा अर्थ असा होता. पहिलं, आम्हाला किल्ला बघायला आवडलं असतं (बघितला नाही, हळहळ). दुसरं, तुम्हाला आधी कळवता आलं असतं की! (सरळ सरळ टोमणा). तिसरं, शेजारी म्हणतात शेवटची होडी 25 मे लाच गेली म्हणे. चौथं, माहीत असतं तर आम्ही फेब्रुवारीत आलो असतो. चारही वाक्यांत एकच रूप, फ्रेंचमध्ये त्याला कॉन्दिसिओनेल पासे म्हणतात, आणि तीन-चार वेगळी कामं. मी शिकवायला बसले असते तर एका मेलमध्ये इतकं छान कोंबता आलं नसतं, पाहुण्यांचे आभारच मानायला हवेत.

आता रूप कसं बनतं ते तिला मी फोनवर दहा मिनिटांत सांगितलं, अवघड त्यात काही नाहीच. दोन मदतनीस क्रियापदं, आव्वार (जवळ असणे) आणि एत्र (असणे). त्यांचं 'रे' वालं रूप घ्यायचं, जोरे, त्यु ओरे, इल ओरे, नूझोरियों, वूझोरिए, इलझोरे, किंवा ज सरे, त्यु सरे, इल सरे, नू सरियों, वू सरिए, इल सरे, आणि त्याच्या मागे मुख्य क्रियापदाचं झालेलं रूप लावायचं. एमे (आवडलं), पार्ती (निघालं), वन्यु (आलं), प्यु (जमलं), द्यु (करायला लागलं), स्यु (कळलं), व्यु (पाहिलं), फे (केलं), दी (सांगितलं). झालं. मराठीत आपण 'आलो' ला 'असतो' चिकटवतो, फ्रेंच लोक असतो आधी नि आलो नंतर म्हणतात, 'सरियों वन्यु', असतो-आलो. एवढाच फरक.

म्हणून मी तिला ठणकावून सांगितलं की ते इंग्रजीतलं वुड हॅव डोक्यातून काढ. आपल्याकडे मिळणारी फ्रेंचची बहुतेक पुस्तकं इंग्रजीतून शिकवतात, मग पोरं मराठीतून इंग्रजीत नि इंग्रजीतून फ्रेंचमध्ये असं कुडाळहून मालवणला जायला रत्नागिरीमार्गे फिरून येतात. 'असतं' आपल्याकडे तयार आहे, रोजच्या वापरातलं आहे. 'एक फोन तरी करता आला असता' हे वाक्य ऐकल्याशिवाय कोकणात कोणी मोठं झालंय का? त्यात विनंती आहे का कुठे? नाही ना. मग 'वूझोरिए प्यु' म्हणजे तेच, 'करता आलं असतं'. आणि 'वू पूरिए' म्हणजे 'करू शकाल'. डोळ्याला एका शब्दाचा फरक, पण पहिल्यात माणूस चिडलेला आहे नि दुसऱ्यात चहा मागतोय.

तिला सगळ्यात जास्त धक्का तिसऱ्या वाक्याचा बसला. 'सरे पार्ती', असतं-गेलं हे शब्दशः घेतलं तर 'होडी गेली असती', म्हणजे मराठीत होडी गेलीच नाही! आणि पाहुण्याला म्हणायचंय की गेली. उलटा अर्थ. इथे मात्र मराठी 'असतं' घात करतं. फ्रेंच माणूस ऐकीव गोष्ट सांगताना, स्वतः खात्री न देता, हेच रूप वापरतो, तिकडच्या बातम्यांत तर जागोजागी असतं. आपले पेपरवाले 'झाल्याचे समजते', 'असल्याचे कळते' लिहितात, आणि घरात आपण 'म्हणे' लावतो, ते हे. ओळखायचं कसं, तर आजूबाजूला 'सी', म्हणजे जर, बघायचं. जर कुठेच नाही, आणि 'दाप्रे' किंवा 'सलों' (अमक्याच्या म्हणण्यानुसार) असं काही लागलंय, तर 'असतं' विसरायचं नि 'म्हणे' लावून वाचायचं. होडी गेली म्हणे. बास.

(आणखी एक उपयोगही आहे, 'जोरे वूल्यु', मला जरा विचारायचं होतं, दुकानात-ऑफिसात अति नम्रपणे. तो तिला मुद्दाम नाही सांगितला त्या दिवशी, नम्रपणानेच तर सगळा घोळ केला होता.)

माफीची मेल तिने स्वतः लिहायची असं ठरलं. संध्याकाळी ड्राफ्ट आला. मी तो जपून ठेवलाय कारण मराठी माणूस या रूपाशी जितक्या चुका करू शकतो त्या जवळजवळ सगळ्या त्यात होत्या. सुरुवातच, 'सी जोरे स्यु, ज वू सरे प्रेवन्यु'.

'सी जोरे स्यु' ही चूक का होते बघा. मराठीत म्हणतो, माहीत असतं तर सांगितलं असतं. दोन्हीकडे असतं. आपला कान तसंच मागतो, म्हणून तिने दोन्हीकडे ओरे घातलं. फ्रेंचमध्ये 'असतं' फक्त 'तर' च्या बाजूला चालतं. 'जर' च्या बाजूला साधं होतं वालं रूप, प्ल्यु-क-पार्फे, 'सी जावे स्यु', म्हणजे अक्षरशः 'जर मला कळलं होतं'. मराठीत ते विचित्र वाटतं, वाटू दे. फ्रेंच पोरांची पण हीच चूक होते हां, त्यांच्या शाळेत एक वाक्य घोकून घेतात, 'ले सी नेम पा ले रे', सी ला रे आवडत नाही. गंमत अशी की बोलताना ते अगदी 'करवतींना पाकट आवडत नाही' असंच ऐकू येतं, कारण सी म्हणजे करवत आणि रे म्हणजे पाकट, आपल्या बाजारात पडलेली असते तीच शेपटीवाली. हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली. म्हणे ताई आमच्याकडे पाकट सगळ्यांना आवडते, मी म्हटलं तुमच्याकडे आवडू दे, सी च्या ताटात वाढू नको.

फक्त एक पाचर आहे. सी चा अर्थ 'जर' नसून 'की नाही' असा असेल तेव्हा रे चालतं. 'ज न से पा सिल सरे वन्यु', तो आला असता की नाही मला माहीत नाही. हे बरोबर आहे. पण हे नंतर, आधी पाकट लांब ठेवायला शीक.

पुढचं, 'ज वू सरे प्रेवन्यु'. इथे तिने डोकं चालवलं होतं, त्याबद्दल मार्क द्यायला हवेत. वनिर म्हणजे येणे, ते सरे घेतं, दवनिर घेतं, रवनिर घेतं, मग प्रेवनिर पण त्याच घरातलं, घेईल. नाही घेत! आणि हे कळायला पाठांतर लागत नाही, मराठीतला 'ने' लागतो. ती आली असती, ती गेली असती, ती निघाली असती, 'ने' नाही, ही सगळी फ्रेंचमध्ये सरे. तिने पाहिलं असतं, तिने पाठवलं असतं, तिने कळवलं असतं, 'ने' आला, ओरे. प्रेवनिर म्हणजे कळवणे, तिने कळवलं, म्हणून ओरे. ही युक्ती मी बरीच वर्षं वापरते आणि ती इतकी चालते की कधीकधी वाटतं फ्रेंच लोकांना मराठी शिकवायला हवं. एक तर फारच सुंदर बसतं. 'एल सरे मोंते', ती वर गेली असती. 'एल ओरे मोंते ले वालीझ', तिने बॅगा वर नेल्या असत्या. तेच क्रियापद, पण फ्रेंचने मदतनीस बदलला नि मराठीने 'ने' लावला, एकाच कारणासाठी.

पण डोळे झाकून नाही. पोहणे, धावणे, चालणे, झोपणे, हसणे, रडणे, यांना आपण 'ने' लावत नाही तरी फ्रेंचमध्ये ओरेच. सरे घेणारी क्रियापदं मोजकी, पंधरा-सोळा नि त्यांची पिल्लं, जाणे येणे निघणे पोचणे चढणे उतरणे पडणे राहणे जन्मणे मरणे अशी. आणि उलटा अपवाद, स्वतःवर होणारी कामं. 'तिने आंघोळ केली असती' मध्ये 'ने' आहे, पण फ्रेंच म्हणतं 'एल स सरे लावे', सरे. हा 'स' दिसला की युक्ती बंद, सरळ सरे. म्हणजे 'ने' आला आणि 'स' नाही तर ओरे, 'ने' नसेल तर यादी बघ. पुढच्या ओळीत तिने सासूबाईंबद्दल 'मा बेल-मेर ओरे आले' लिहिलं होतं, सासूबाई जेटीवर जाऊन विचारून आल्या असत्या अशा अर्थी, ते तिचं तिनेच दुरुस्त केलं, गेल्या असत्या, 'ने' नाही, 'सरे आले'. आणि बाई आहेत म्हणून आले च्या स्पेलिंगला शेवटी एक जास्तीचा ई, कानाला ऐकू न येणारा. आपण नाही का गेला असता-गेली असती करत, तसंच, फक्त मुकं.

त्या मुक्या अक्षरांनीच तिसरी चूक केली. 'किल्ल्याचे फोटो पाठवले असते' लिहिताना तिने पाठवले ला फोटोचं अनेकवचन जोडलं. का, तर मराठीत मी पेटी पाठवली असती, मी फोटो पाठवले असते, क्रियापद वस्तूच्या मागे धावतं. फ्रेंचमध्येही धावतं, पण वस्तू क्रियापदाच्या आधी आली असेल तरच. 'जे फोटो मी पाठवले असते' असं असेल तर जोड, 'पाठवले असते फोटो' असं असेल तर जोडायचं नाही. खरं सांगायचं तर हा नियम फ्रेंच लोक स्वतःही पाळताना अडखळतात, त्यामुळे मी यावर तिला फार छळलं नाही. मात्र 'ज वूझोरे प्रेवन्यु', तुम्हाला कळवलं असतं, यात 'वू' आधी आलाय नि समोर नवरा-बायको दोघं, म्हणून प्रेवन्यु ला एक मुका एस लागतो, तेवढा लावून घेतला. मराठीत इथे 'तुम्हाला कळवलं' असं 'ला' लागून क्रियापद गप्प बसतं, त्यामुळे मराठीचा उपयोग नाही, लक्षातच ठेवावं लागतं.

व्याकरण इथे संपलं होतं. पण ड्राफ्टचं शेवटचं वाक्य राहिलं होतं आणि त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. 'वूझोरिए द्यु दमांदे.' तिला म्हणायचं होतं, तुम्ही विचारलं असतं तर बरं झालं असतं. लिहिलं काय गेलं, तुम्ही विचारायला हवं होतं. ओरिए च्या मागे द्यु आला की ते बोट दाखवणं होतं, माफीच्या मेलमध्ये. आणि गंमत बघा, इथे मराठीत 'असतं' नाहीच, 'हवं होतं' आहे. प्यु ला 'आलं असतं', द्यु ला 'हवं होतं', ही जोडी वेगळी लिहून ठेवावी लागते, नाहीतर माणूस 'हवं असतं' असलं काहीतरी शोधत बसतो.

कॉल चालू असताना मागे सासूबाई निखाऱ्यावर काहीतरी भाजत होत्या, त्यांना सगळं कळत होतं, फ्रेंच सोडून. सून मला सांगत होती की ताई पण त्यांनी पण विचारलं नाही ना, तर मागून आवाज आला, 'तेंका आदीच सांगूक व्हया होता आपणच.' मी म्हटलं थांब, हेच वाक्य, हेच लिही. सांगूक व्हया होता, सांगायला हवं होतं, 'द्यु प्रेवनिर'. आपणच, 'नूझोरियों'. वूझोरिए चा नूझोरियों केला, वाक्य शेवटून उचलून सगळ्यात वर नेलं, आणि विचारायला हवं होतं वालं पुसून टाकलं.

गेलेली मेल अशी:

नूझोरियों द्यु वू प्रेवनिर. सी जावे स्यु क वू वूलिए वीझिते ल फोर, ज वूझोरे प्रेवन्यु दे ल म्वा द मे. मा बेल-मेर सरे आले आ ला जते.

आम्ही तुम्हाला कळवायला हवं होतं. किल्ला बघायचाय हे मला माहीत असतं तर मे महिन्यातच कळवलं असतं. सासूबाई जेटीवर जाऊन आल्या असत्या. पुढे एका रात्रीचे पैसे परत करण्याचं दोन ओळींत, आणि आधीच्या मेलबद्दल खरं ते लिहिलं, की तुमची मेल मला कळलीच नव्हती. 'मी कामात होते' असलं काही लिहू दिलं नाही मी.

आठवडाभर काही नाही. मग उत्तर आलं, लांबलचक, पैसे नको म्हणाले, घावण्यांची रेसिपी विचारली, आणि शेवटी एक वाक्य होतं, 'दाप्रे अँतेरनेत, ले बातो रप्रांद्रे आं सेप्तांब्र'. तिने मला स्क्रीनशॉट पाठवला, खाली एवढंच, 'ताई, होड्या सप्टेंबरात परत सुरू होतात म्हणे, असंच ना?' मी हो टाइप करेपर्यंत तिने त्यांना उत्तर पाठवून झालं होतं. 'वी, इल रप्रेन आं सेप्तांब्र.' रे काढून टाकलेला, साधा वर्तमानकाळ. हो, सुरू होतात.